गल्ली नंबर चार, वजा नऊ मिनिटं

आंबळोशीत कोणाच्या नळाला किती वाजता आणि किती वेळ पाणी येणार, हे सगळं एका फाइलीत लिहिलेलं असतं. ती फाइल एकोणीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. मी वृषाली ढाणे, नगरपंचायतीच्या पाणीपुरवठा विभागाची सर्व्हर ऑपरेटर. गावात आमदार आला की लोक खुर्चीतून उठतात. मी गेले की साखर किती घालू ते विचारतात. खरी सत्ता कुठं आहे, ते लोकांना बरोबर कळतं.

सर्व्हर म्हणजे टाकीखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट. खंडेनवमीला आम्ही त्याची पूजा करतो. एका वर्षी हळद पंख्यात गेली आणि आख्ख्या प्रभाग तीनला दोन दिवस पाणी नव्हतं, तेव्हापासून पूजा लांबूनच. नऊ प्रभागांत मोटारीवर चालणारे एकशे चाळीस व्हॉल्व्ह आहेत. कोणता कधी उघडायचा ते हे कपाट सांगतं. कपाटात लिनक्स, लिनक्सवर एका कंपनीचं जलवाहक नावाचं पॅकेज, आणि त्या पॅकेजची ती फाइल.

आता पॅकेजचं अपडेट म्हणजे काय, तर भाड्याच्या घराला घरमालकानं रंग काढणं. भिंती त्याच्या, पण खिळे आपण ठोकलेले. कॅलेंडरला एक, छत्रीला एक, सासऱ्यांच्या फोटोला एक. रंगारी आला की दारातच विचारतो, तुमचे खिळे ठेवू की उपटून भिंत गुळगुळीत करून देऊ?

लिनक्स अगदी हेच करतो. कंपनीची फाइल पहिल्यांदा बसवताना तिचा ठसा घेऊन ठेवतो. एक स्वल्पविराम हलवला तरी ठसा बदलतो. अपडेटच्या वेळी ठसा जुळला, म्हणजे तुम्ही हात लावलेला नाही. मग नवी फाइल गुपचूप बसते. नाही जुळला, की काम थांबवून विचारतो: तुमची ठेवू, की आमची बसवू? एन दाबलं की तुमची. वाय दाबलं की कंपनीची. डी दाबलं की दोन्हींतला फरक दाखवतो. आणि सभ्यपणा एवढा, की जी हरते ती फाइलसुद्धा फेकून देत नाही, नावाला शेपटी लावून शेजारी ठेवतो.

एकोणीस वर्षांत मी फक्त एन दाबलं. माझ्या किबोर्डवरचं ते अक्षर पुसून गेलंय. कंपनीच्या शेपटीवाल्या नव्या फाइली शेजारी साठत गेल्या, लग्नात आलेल्या भिंतीवरच्या घड्याळांसारख्या. एकही उघडली नाही. आणि माझ्या फाइलीत खिळे वाढत वाढत चारशे बारा झाले. एकाही खिळ्याशेजारी कारण लिहिलेलं नाही. कारण लिहायचं नसतं, हे मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकले होते.

मग दोन हजार एकेचाळीस साल उजाडलं आणि समेट आलं.

"ढाणे मॅडम, या अपडेटबरोबर समेट येतंय," आमचे मुख्याधिकारी तांबोळी साहेब दारातूनच म्हणाले. ते एवढे खूश होते की चप्पल काढायला विसरले. "आता ते एन आणि वायचं दुखणं संपलं. मशीन स्वतः दोन्ही फाइली एकत्र करणार."

"साहेब, मशीनला काय माहीत कोणती ओळ का लिहिली?"

"तेच तर. आता त्याला माहीत असतं."

मी माहितीपत्रक वाचलं आणि खरं सांगते, अंगावर काटा आला, पण चांगला. आजवर मशीनला बदल काय झाला ते दिसायचं. का झाला ते माणसाच्या पोटात. समेट बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं, की या 'का'चे तुकडे सर्व्हरभर सांडलेले असतात. ओळ किती वाजता लिहिली, लिहिताना कितीदा खोडली, त्या दिवशी तक्रार वहीत काय आलं, आदल्या दिवशी कोणता पाइप फुटला. बटणं किती भराभर पडली तेसुद्धा सर्व्हर साठवून ठेवत असतो. रागात लिहिलेल्या ओळीत दोन अक्षरांतलं अंतर आखूड असतं. चोरून लिहिलेल्या ओळीत एंटरच्या आधी माणूस थबकतो, कोणी बघत नाही ना याची खात्री करतो. हे सगळे तुकडे जुळवून समेट प्रत्येक ओळीपुढं कारण मांडतं, आणि खात्री किती टक्के तेही.

कारण तांत्रिक असेल तर ओळ नव्या फाइलीत आपोआप जाते. आणि खासगी असेल तर?

"तर ती गावाच्या ॲपवर कारणासकट जाहीर," साहेब म्हणाले. "वरून तसा नियमच आलाय. ज्यांच्या नळावर परिणाम झाला त्यांना विचारणार, हरकत आहे की नाही. हरकत आली तर माझ्यापुढं सुनावणी. खरी निघाली तर ऑपरेटरची खुर्ची गेली. पण तुम्हाला काय, मॅडम. तुमचा कारभार म्हणजे आरसा."

मी हसले. आरसा पुसायला फडकं कुठं मिळेल याचा विचार करत.

आमच्याकडे अपडेट भर दिवसा होतं, कारण सकाळी पाणी सुटतं आणि संध्याकाळी पाणी सुटतं. गुरुवारी साडेदहाला मी सुरू केलं. साहेब, दोन लिपिक आणि एक पाइप फिटर माझ्या पाठीशी क्रिकेट बघायला उभं राहावं तसे उभे. पडद्यावर पहिली ओळ आली.

"कुंभार आळी, दाब कमी ठेवला. कारण: एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा पाइप, जास्त दाब सोसत नाही. तांत्रिक. खात्री नव्याण्णव टक्के."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरी.

"डायलिसिस केंद्र, सोमवार आणि गुरुवार दुपारी तीन तास जादा. कारण: मशीनना लागणारं पाणी. तांत्रिक."

तिसरी.

"जय हनुमान तालीम आणि शिवशक्ती तालीम, दोन्हीकडे पाच वाजून दहा मिनिटांनी, एकाच सेकंदाला. कारण: आधी कोणाला यावरून झालेली मारामारी. तांत्रिक मानता येईल."

साहेब पोट धरून हसले. मग निवृत्त ढोले गुरुजींची ओळ आली. साडेपाचचं पाणी पाच अठ्ठावीसला, कारण गुरुजी साडेपाचला नळाशी नाही, तर तक्रार करायला फोनशी बसतात. मग प्रभाग सातचे नगरसेवक जालिंदर मोहिते, रविवारी सकाळी वीस मिनिटं जादा, कारण त्यांची गाडी. ही खासगी निघाली, पण मोहित्यांच्या नावावर, कारण त्या दिवशी त्यांनी मला अकरा फोन केल्याची नोंद होती. मला तर नाचावंसं वाटलं. एकोणीस वर्षं मी पोटात वागवलेलं गाव मशीन एकेक करून बाहेर काढत होतं आणि बहुतेक ठिकाणी मी शहाणी ठरत होते. लिपिक म्हणाला, "मॅडम, तुमचं तर चरित्रच छापून येतंय."

तेवढ्यात ओळ दोनशे सतरा आली.

"शुक्रवार पेठ, गल्ली नंबर चार. वजा नऊ मिनिटं. कारण शोधत आहे."

मी म्हटलं, "साहेब, चहा घ्यायचा का बाहेर?"

सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं तोवर पडद्यावर उत्तर उमटलं होतं. "अक्षरांतलं अंतर: फार आखूड. वेळ: ऑपरेटरच्या मुलीच्या लग्नानंतरचा पहिला कामाचा दिवस. गल्लीत ऑपरेटरचे नातेवाईक: एक घर. कारण: राग. खासगी. खात्री सत्त्याण्णव टक्के. यादी चार वाजता जाहीर होईल."

ते नातेवाईक घर म्हणजे माझी थोरली जाऊ, शैलजाताई. आणि रागाचं कारण समेटलाही सापडलं नसतं, म्हणून मीच सांगते. माझ्या मुलीच्या लग्नात ताईंनी माझी ओटी भरली. ब्लाउजपीस मोरपंखी, पाकिटात. घरी येऊन पाकीट उघडलं तर आत कागदाचा कपटा, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'शैलजाताईंना द्यायचा.' अक्षर माझं. लग्नाच्या तीन वर्षं आधी संक्रांतीला मीच त्यांना दिलेला तो पीस, चिठ्ठीसकट मला परत. मला तो मुळात कोणी दिला होता, हा इथं मुद्दा नाही. मी निदान चिठ्ठी बदलली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन पहिलं काम केलं ते गल्ली चारची नऊ मिनिटं कापण्याचं. नऊ मिनिटं म्हणजे आठ हंडे. त्याला आता नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. रोज सकाळी फाइल उघडून मी ती ओळ नुसती बघायचे. चहापेक्षा तरतरी यायची.

आता चार वाजता ती गावभर होणार होती. ताई हरकत घेणार, साहेब सुनावणी घेणार, आणि आंबळोशीची फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाणार.

मी आमच्या ह्यांना फोन लावला. माझ्या नवऱ्याचं नाव धैर्यशील. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे. नाव ठेवताना घरच्यांनी जरा घाई केली असावी, कारण झुरळ दिसलं की दुकान बंद करून घरी येतात.

"अहो, मशीन कारणं शोधतंय. सगळ्या ओळींची. चारला यादी लागणार."

पलीकडे दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "सगळ्या म्हणजे? जुन्या पण?"

"एकोणीस वर्षांच्या."

"अगं मग ती कंपनीची फाइल बसव ना सरळ. तुमचीच बसवा म्हणायचं. फरकच उरला नाही तर यादी कसली?"

नवऱ्याला माझ्या नोकरीची एवढी काळजी आहे बघून डोळ्यांत पाणी आलं. आणि मुद्दाही बरोबर होता. समेट आलं तरी पडद्याच्या तळाशी एन आणि वाय अजून होतेच. वाय दाबलं की माझी फाइल बाजूला, कंपनीची आत, फरक शून्य, जाहीर करण्यासारखं काही नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझं बोट वायकडे गेलं. किबोर्डवर ते अक्षर अजून कोरं करकरीत होतं. दाबलं.

तेव्हा अकरा अठ्ठावीस झाले होते.

कंपनीच्या फाइलीत पाणी सुटायची वेळ सकाळी सहा होती. पण घड्याळ ग्रीनिचचं. तिथं सहा वाजतात तेव्हा आंबळोशीत साडेअकरा. दोन मिनिटांनी भर उन्हात आख्ख्या गावाला पाणी सुटलं. सकाळी भरून झालं म्हणून लोकांनी नळ उघडेच ठेवलेले. मुख्य पेठेतनं ओढा वाहायला लागला.

दाबाच्या जागी कंपनीनं चार लिहिलेलं. कुंभार आळीच्या पाइपला जन्मात दोनच्या वर माहीत नव्हतं. तो नेमका केशकर्तनालयासमोर फुटला. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीसकट रस्त्यावर आलं, आणि न्हावी म्हणाला म्हणे, आता आलाच आहात तर डोकं पण धुऊन घ्या.

पंचेचाळीस नंबरचा व्हॉल्व्ह कंपनीच्या नमुन्यात बागेचं कारंजं होता, दिवसभर चालू. आमच्याकडे तो पोलीस ठाण्याच्या गच्चीवरच्या टाकीचा. हवालदारांनी आधी टाकीला, मग नगरपंचायतीला आणि शेवटी वरच्याला तोंडी समज दिली. शिवशक्ती तालमीला पाणी आलं आणि जय हनुमानला आलं नाही. पुढचं सांगत नाही.

माझा फोन थांबेना. सगळ्यात आधी मोहिते.

"मॅडम, ॲपवर दाखवतंय, प्रभाग सात अस्तित्वात नाही."

"हो, नमुन्यात सहाच प्रभाग आहेत."

"मग मी कोण?"

"तुम्ही सध्या नमुन्यात नाही, साहेब. बघते मी."

हे सगळं चाललं असताना, लाज वाटते सांगायला, पण मजाही येत होती. एवढ्या वर्षांत लोकांना कधी कळलं नव्हतं, की नळातनं नुसतं पाणी येत नाही, मागे कोणीतरी बसून त्यांच्या सवयी लक्षात ठेवतं. आता आख्ख्या गावाला एकदम कळत होतं. तांबोळी साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले. "मॅडम, तुम्ही नेमकं दाबलंत काय?" एवढंच विचारलं आणि फोन घ्यायला परत बाहेर पळाले.

मग डायलिसिस केंद्रातनं सिस्टरांचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणून जास्त भीती वाटली.

"ढाणे मॅडम, आज गुरुवार. पाच पेशंट लावलेत मशीनवर. टाकीत चाळीस मिनिटांचं पाणी उरलंय, आणि ॲप म्हणतंय अशी जोडणीच नाही."

ती जोडणी कंपनीला कुठून माहीत असणार. तो माझा खिळा होता. त्याच भिंतीवरचा, जिच्यावर गल्ली चारचाही खिळा होता.

डायलिसिसची ओळ तेवढी हातानं लिहून टाकावी, असं मनात आलं. पण दाबाची ओळ नसेल तर तिथवर पाणी पोचत नाही, आणि दाबाची ओळ कुंभार आळीच्या ओळीवर टेकलेली, ती शाळेच्या टाकीवर, ती आणखी कशावर. एकोणीस वर्षांत खिळ्याला खिळा अडकवलेला. एकच उपाय होता. जुनी फाइल पूर्ण परत. आणि जुनी परत आली की समेट पुन्हा यादी काढणार, चार वाजता.

घड्याळात अकरा सत्तावन्न.

शेजारी शेपटी लावून ठेवलेली माझी फाइल सुरक्षित होती. मी ती शेपटी काढली. जलवाहक पुन्हा सुरू केलं. बारा वाजून दोन मिनिटांनी सिस्टरांचा फोन आला, "धार लागली हो टाकीला." पाठोपाठ मोहित्यांचा, "मॅडम, मी आलो परत." आणि पडद्यावर समेटनं शांतपणे लिहिलं, "फरक पुन्हा सापडले: चारशे बारा. यादी चार वाजता."

मी डबा उघडला. जेवण गेलं नाही.

चार वाजता नगरपंचायतीच्या आवारात, निवडणुकीच्या निकालाला नसते एवढी गर्दी. सकाळच्या पुरानं सगळे आधीच ओले आणि तापलेले. भिंतीवर मोठा पडदा लावलेला. साहेब एकेक खासगी ओळ वाचत होते आणि लोक टाळ्या पिटत होते. मोहित्यांच्या गाडीला शिट्ट्या मिळाल्या. ढोले गुरुजी आपली ओळ ऐकून उभे राहिले आणि म्हणाले, "दोन मिनिटं आधी येतं, हे मला ठाऊक होतं. मी कौतुक म्हणून बोललो नाही."

पुढच्या रांगेत शैलजाताई बसल्या होत्या. दंडावर पदर घट्ट, हातात फोन. माझ्या बाजूला आमचे हे उभे, कपाळाला घाम. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही कशाला घाबरताय. नोकरी माझी जाणार आहे."

"हो ना," ते म्हणाले. आणि आणखी घामाघूम झाले.

"ओळ दोनशे सतरा," साहेबांनी वाचलं. मग मनातल्या मनात पुढचं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. वाचा.

त्यांनी वाचलं. टाळी वाजली नाही. गल्ली चारच्या सगळ्या घरांचे फोन एकदम टुणटुणले. हरकत आहे, हरकत नाही. पण बोट कोणी लावेना. सगळे ताईंकडे बघत होते. राग त्यांच्यावरचा, म्हणजे पहिला मान त्यांचा.

ताई उठल्या. "नऊ वर्षं?"

"नऊ," मी म्हटलं.

"आठ हंडे?"

"आठ."

"वृषाली, अगं पण मला पाणी जास्त येतं."

मला वाटलं टोमणा आहे. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

"पहिले दोन आठवडे कमी आलं. मी घड्याळ लावून बघितलं होतं. नंतर आपोआप वाढलं. सगळ्या पेठेपेक्षा आमच्या गल्लीला एक मिनिट जास्त. मी म्हटलं, चला, हिचा राग उतरला. नुसता उतरला नाही, वर एक मिनिट दिलंन."

मी रोज ती ओळ बघायचे. मीटर एकदाही बघितला नव्हता. सूड घेणाऱ्यानं मीटर बघायचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. साहेबांनी समेटला विचारलं, गल्ली चारला प्रत्यक्षात किती?

"अधिक एक मिनिट," पडद्यावर आलं. "या ओळीवर परिणाम करणारी दुसरी फाइल सापडली. ती कोणत्याही पॅकेजची नाही."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. अपडेट फक्त कंपनीनं आणलेल्या फाइलींबद्दल विचारतं. पण मुख्य फाइलीशेजारी एक खण असतो. त्यात कोणीही आपली चिठ्ठी टाकावी, जलवाहक ती सगळ्यात शेवटी वाचतं, आणि शेवटी वाचलेलं खरं मानतं. ती चिठ्ठी कंपनीची नाही, तिचा ठसा कोणी घेतलेला नाही, म्हणून तुमची ठेवू की आमची बसवू हा प्रश्न तिच्याबद्दल कधी येतच नाही. माझ्या सर्व्हरच्या त्या खणात नऊ वर्षं कोणाची तरी चिठ्ठी पडून होती. गल्ली चार, अधिक दहा.

समेट पुढं लिहीत होतं. "पासवर्ड: वृषाली ढाणे यांचा. बोटांची चाल: वृषाली ढाणे यांची नाही, एका बोटानं टाइप केलेलं. जागा: गल्ली चारमधल्या एका घराचं वायफाय. वार रविवार, दुपारी एक पंचवीस. तोच फोन त्यानंतर दर रविवारी एक ते अडीच त्याच घरात. कारण: जेवण. खासगी. खात्री चौऱ्याण्णव टक्के."

एका बोटानं टाइप करणारा माणूस माझ्या शेजारून हळूच एक पाऊल मागे सरकला. मागे मोहिते होते. त्यांनी त्यांना पुन्हा पुढं केलं.

"अहो," मी म्हटलं, "रविवारी तुम्ही बॅटरीत पाणी घालायला जाता ना?"

"ते पण घालतो की मी." आवाज अगदी खोल. "वहिनी म्हणाल्या, पाणी पुरत नाही, स्वयंपाक कसा करू. तुझा पासवर्ड कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली लिहिलेला. मग काय."

"आणि मी नऊ कापली, तुम्ही दहा का दिली?"

"नऊ कुठं लिहीत बसायचं. दहा कसं, बरं दिसतं."

लोक हसले. मी नाही हसले, कारण ताई अजून हसल्या नव्हत्या. त्या दिराकडे रोखून बघत होत्या.

"भावजी, आणि डबा?"

"कसला डबा?" मी विचारलं.

ताई माझ्याकडे वळल्या. "मला वाटलं पाणी तूच सोडलंस. मग मी कशी गप्प बसणार. दर रविवारी तुझा डबा भरून भावजींकडं द्यायची मी. मटण, पांढरा रस्सा वेगळ्या किटलीत, भाकरी फडक्यात. म्हटलं, बोलत नाही तर नको बोलू, खाशील तर खरं. भावजी डबा घासून आणायचे, आणि सांगायचे, वृषाली म्हणाली रस्सा झकास."

मी नवऱ्याकडे बघितलं. नऊ वर्षं, वर्षाला बावन्न रविवार. चारशे अडुसष्ट डबे. इकडून मी धाडलेली शिक्षा तिकडं पोचली नाही, तिकडून निघालेला रस्सा इकडं पोचला नाही, आणि दोन्हींच्या मधे हा माणूस बसून जेवत होता.

"कुठं खायचात?" मी विचारलं.

"टाकीच्या मागं. सावली असते."

माझ्या सर्व्हरच्या खोलीमागं. भिंतीच्या त्या बाजूला.

ताईंनी फोन वर केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि बोट लावलं. हरकत नाही. गल्ली चारच्या बाकीच्या फोनांवरही टपाटप हरकत नाही पडलं. एक मिनिट जास्त पाणी मिळाल्याबद्दल हरकत घेणारा माणूस आंबळोशीत अजून जन्मायचाय. साहेबांनी रुमालानं चष्मा पुसला आणि म्हणाले, "सुनावणीचा प्रश्नच मिटला. मॅडम, खुर्चीत बसा."

पण समेटचं काम उरलं होतं. "दुसऱ्या फाइलीतली ओळ. बाधित व्यक्ती: वृषाली ढाणे. हरकत आहे की नाही?"

"हरकत घेतली तर गुन्हा होईल, मॅडम," साहेब हळूच म्हणाले. "परवानगीशिवाय सर्व्हरमध्ये शिरणं."

हे माझ्याकडे असं बघत होते, जसं झुरळाकडे बघतात. ताई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. नऊ वर्षांनी त्यांच्या साडीला कांदा-लसूण मसाल्याचा तोच वास.

"रविवारी येतेस?" त्यांनी विचारलं.

"येते. पण हे यायला नकोत."

"मग भावजींना कुठं ठेवणार?"

मी खुर्चीत बसले, पडद्याला जोडलेला किबोर्ड पुढं ओढला आणि हरकत नाही दाबलं. आधी माझी ओळ काढली, मग ह्यांची. गल्ली चार, ना वजा ना अधिक. मग आमच्या स्वतःच्या गल्लीची ओळ उघडली आणि तिच्यात एक बदल केला. रविवारचं पाणी सकाळी नाही, दुपारी एक ते अडीच. घरटी एक माणूस नळाशी लागणार. आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ओळीशेजारी माझ्या हातानं कारण लिहिलं: रविवारी दुपारी मी जावेकडे जेवायला जाणार, हंडे हे भरतील.

समेटनं कारण तपासलं. खासगी, खात्री शंभर टक्के. बाधित घरं तेवीस. आमच्या गल्लीतल्या तेवीस घरांचे फोन टुणटुणले. रविवारी भर दुपारी नळाशी कोण उभं राहणार आणि जरा पाठ कोण टेकणार, याचा हिशेब बायकांनी तिथल्या तिथं केला. चार मिनिटांत बावीस उत्तरं आली, सगळीकडे हरकत नाही.

हरकत एक आली. माझ्या शेजारूनच, एका बोटानं.

तांबोळी साहेबांनी सुनावणी उभ्या उभ्याच घेतली. ओळ राहिली.